आवर्तन : पाटाचे आणि पडद्याचे

इंदापूर तालुक्यात 'आवर्तन' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नीरा डाव्या कालव्याचे रब्बीचे आवर्तन कधी सुटणार, उन्हाळ्यात दोन मिळणार की एकावरच भागवावे लागणार, यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलणे चालते. ठरलेल्या काळाने, ठरलेल्या मापाने, शेजपाळीने एकेका शेताला पाणी फिरवत न्यायचे आणि शेवटचे शेत भिजले की पुन्हा नव्या फेरीची वाट पाहायची. संगणकाच्या पडद्यावर नेमके हेच घडते. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली चित्राची माहिती एकेक ओळ भिजवत खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि पुन्हा वर येते. इंग्रजीत याला 'रिफ्रेश' म्हणतात. मला आवर्तन हाच शब्द जवळचा वाटतो आणि या लेखात मी तोच वापरणार आहे.

साधारण संगणकाच्या पडद्याची सेकंदाला ६० आवर्तने होतात. हा ६० चा आकडा इतका अंगवळणी पडला आहे, की तो काचेचाच गुणधर्म असावा असे वाटते. बारामतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले मात्र तो मानत नाहीत. कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेला जुना मॉनिटर दीड-दोन हजारांत आणायचा, केबल बदलायची, संगणकात हाताने नवे आकडे भरायचे आणि ६० च्या जागी ७२ किंवा ७५ आवर्तने करून दाखवायची, असा त्यांचा उद्योग असतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. खेळातली हालचाल त्याने गुळगुळीत होते, हे त्यांचे कारण. माझे कुतूहल वेगळे आहे. मुळात ६० हा आकडा आला कुठून, आणि तो ओलांडता येत असेल तर त्याला मर्यादा म्हणून तिथे कोणी बसवले? याचा माग काढू लागलो, तेव्हा काचेपेक्षा विजेचा आणि तारेचा इतिहास जास्त हाती लागला.

सुरुवात सिनेमापासून करावी लागते. मूकपटांच्या काळात सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे सरकत. एवढ्या वेगात चित्र हलते दिसते, पण पडदा डोळ्यांना बोचेल असा लुकलुकतो. त्यावर प्रोजेक्टर बनवणाऱ्यांनी काढलेली युक्ती अजून मला थक्क करते. प्रकाशापुढे फिरणाऱ्या झडपेला त्यांनी तीन पाती बसवली. चित्र एकच, पण ते पडद्यावर तीनदा उजळायचे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. पुढे बोलपट आला, चित्रे २४ झाली आणि दोन पात्यांत काम भागले. चोवीस दुणे पुन्हा अठ्ठेचाळीस. जत्रेच्या माळावर तंबू ठोकून बसणाऱ्या टूरिंग टॉकीजमध्ये आपल्या आजोबांनी पाहिलेला प्रत्येक मराठी बोलपट असा दुप्पट उजळत होता. म्हणजे चित्र बदलण्याचा वेग आणि ते डोळ्यांपुढे उजळण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या झडपेने फार लवकर सिद्ध केले होते.

दूरचित्रवाणी आली तेव्हा हा वेग ठरवला तो घरातल्या विजेने. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपची ५० आवर्तनांची. त्या काळच्या संचात विजेची ही थरथर पूर्ण गाळली जात नसे आणि चित्रावर एक-दोन काळसर आडवे पट्टे उमटत. पडद्याची आवर्तने विजेच्या तालाशी जुळती ठेवली, तर ते पट्टे निदान एका जागी उभे राहत आणि डोळ्यांना फारसे खटकत नसत. म्हणून १९३६ मध्ये बीबीसीने ५० चा ताल धरला आणि १९४१ मध्ये अमेरिकेने ६० चा. भारताची वीज ५० ची. दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली तीही ५० चीच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून त्याचे कार्यक्रम पुणे परिसराला दिसू लागले. बारामती-इंदापूरकडे ते चित्र ओढून आणायला गच्चीवर उंच लोखंडी पाइप, त्यावर अँटेना आणि खाली बूस्टर, एवढा सरंजाम लागे.

यातली गंमत अशी, की ५० शी ताल जुळवलेल्या त्या संचाला आमच्याकडची वीज ५० ची मिळतच नव्हती. मागणी पुरवठ्याहून जास्त झाली, की वीजजाळ्याचा वेग मंदावतो. नव्वदच्या दशकात संध्याकाळच्या वेळी पश्चिम भारताच्या जाळ्याची वारंवारता ४८.५ च्या खाली घसरणे नित्याचे झाले होते. सिंहगडाहून येणारे चित्र मात्र ५० चेच. परिणाम असा, की एका जागी उभे राहायला हवे होते ते पट्टे हलक्या प्रतीच्या संचांवर संथपणे सरकत राहत. पंपांचा भार वाढला की पट्टे पळत. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात वारंवारतेला बांधलेले नवे वीजदर लागू झाले, कमी वारंवारतेच्या वेळी जास्त वीज ओढणाऱ्या राज्यांना दंडाचा भुर्दंड बसू लागला आणि जाळे पुष्कळ ताळ्यावर आले.

संगणक मात्र अमेरिकेतून आला आणि येताना आपला ताल घेऊन आला. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा हिरव्या अक्षरांचा एकरंगी पडदा सेकंदाला ५० आवर्तनांवर चालत असे, ही फारशी कोणाला आठवत नसलेली गोष्ट. पण ज्याच्या वंशात आजचे सगळे पडदे येतात, तो १९८७ चा व्हीजीए. त्याचा ओळींचा वेग सेकंदाला सुमारे साडेएकतीस हजार, म्हणजे अमेरिकन दूरचित्रवाणीच्या बरोबर दुप्पट होता आणि आवर्तने ६०. अमेरिकेच्या वीजजाळ्याचा आकडा असा निळ्या व्हीजीए केबलमधून इंदापूरच्या टेबलावर आला. त्याच टेबलाच्या भिंतीतला प्लग ५० चा होता.

या दोन आकड्यांचे भांडण मी डोळ्यांनी पाहिले आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, आणि इंदापुरातल्या अशाच एका वर्गात मी काही वर्षे शिकवत होतो. बारा मॉनिटर, सगळे काचेच्या नळीचे, आणि प्रत्येकाच्या कुशीत एक स्टॅबिलायझर. काही पडद्यांवरची अक्षरे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलायची. मुलांना वाटे संगणकाला व्हायरस लागला. खरे कारण असे, की स्टॅबिलायझरमधल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र ५० च्या तालाने डोलत असे, पडदा ६० च्या तालाने चित्र काढत असे, आणि दोहोंतल्या फरकाइतकी, सेकंदाला दहा वेळा, अक्षरे डुलत. स्टॅबिलायझर दोन फूट लांब सरकवला की डुलणे थांबे. दुसरा उपाय सेटिंग्जमध्ये होता. ६० च्या जागी ७५ किंवा ८५ निवडले की डुलणे इतके जलद होई, की डोळ्यांना कळत नसे, शिवाय ट्यूबलाइटखाली बसून होणारी डोकेदुखीही कमी होई. स्वीडनमधल्या कर्मचारी संघटनांनी नळीच्या पडद्यांसाठी जे टीसीओ मानक आणले, त्यात ८५ चा आग्रह याच लुकलुकीपायी होता. तेव्हा आवर्तने वाढवणे ही आजच्यासारखी हौस नव्हती, ती डोळ्यांची गरज होती.

मग सपाट पडदे आले आणि ही गरजच संपली. द्रवस्फटिकाचा ठिपका पुढचा आदेश येईपर्यंत आहे तसा उजळ राहतो, मध्ये विझत नाही. लुकलुक गेली. उत्पादकांनी ८५ सोडून सरळ ६० गाठले आणि कोणी तक्रार केली नाही. काचेला आता कसलीच घाई नव्हती. मर्यादा सरकली ती केबलमध्ये.

इथे थोडे गणित करायला हवे. १९९९ मध्ये डीव्हीआय ही अंकीय जोडणी आली. तिच्या एका मार्गाने सेकंदाला जास्तीत जास्त साडेसोळा कोटी ठिपक्यांची माहिती जावी, असे मानकात ठरले. २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआयने सुरुवातीला तीच मर्यादा उचलली. आज सर्वत्र दिसणाऱ्या पडद्यावर १९२० उभ्या रांगा आणि १०८० आडव्या ओळी असतात. त्यांचा गुणाकार करून ६० ने गुणले, की १२ कोटी ४४ लाख येतात. पण केबलमधून प्रत्यक्षात १४ कोटी ८५ लाख ठिपके जातात, कारण प्रत्येक ओळीत १९२० च्या ऐवजी २२०० ठिपके मोजले जातात आणि ओळी १०८० च्या ऐवजी ११२५. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा रिकामा.

हा रिकामा हिस्सा हा नळीच्या पडद्याचा वारसा आहे. नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीच्या शेवटी पोहोचला, की त्याला मागे फिरायला अवधी लागे. पान संपले की वर जायला आणखी अवधी. तेवढा वेळ चित्र थांबवून ठेवत. सपाट पडद्यात झोतच नाही, तरी त्याच्या परतीच्या वाटेची सोय केबलमध्ये तशीच राहिली. हौशी मुलांची पहिली युक्ती या रिकाम्या जागेवरच चालते. ओळीची मोजणी २२०० वरून २०८० वर आणली आणि ओळी ११११ केल्या, की ६० आवर्तनांना १३ कोटी ८६ लाख ठिपके पुरतात. वाचलेल्या जागेत आवर्तने बसवायची. त्याच साडेसोळा कोटींच्या मर्यादेत ६० ची ७१ होतात, आणि नवी केबल घ्यावी लागत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या काठी राहणाऱ्या माणसाला यात अस्तरीकरण दिसल्याशिवाय राहत नाही. १८८५ मध्ये वाहू लागलेला हा कालवा दीडशे किलोमीटरहून लांब आहे. मातीच्या पाटातून पाणी झिरपते. काँक्रीटचे अस्तर केले, की तेवढ्याच विसर्गात शेपटाकडच्या इंदापूरला जास्त पाणी पोहोचेल, हा अभियंत्यांचा हिशेब. पण काठावरचे शेतकरी अस्तराला विरोध करतात, कारण त्यांच्या विहिरी त्या झिरप्यावरच जगतात. कागदावरची गळती कोणाच्या तरी मोटरीला पाणी देत असते. केबलमध्येही तेच झाले आहे. एचडीएमआयच्या रचनाकारांनी परतीच्या त्या रिकाम्या जागेत आवाज बसवला. चित्राच्या ओळी संपल्या, की मधल्या फटींतून ध्वनीची पाकिटे जातात. फट फार आवळली, की चित्र गुळगुळीत चालते आणि मॉनिटरच्या स्पीकरचा आवाज तुटू लागतो किंवा पुरता बंद पडतो. एका मुलाने माझ्यासमोर स्पीकर खराब म्हणून उघडायला घेतला होता. स्पीकर ठणठणीत होता, त्याच्या वाटचा झिरपा बंद झाला होता.

मर्यादेचा आकडा म्हणजे भिंत नव्हे, हे साऱ्या जगाला कळले ते २०१२ च्या सुमारास, कोरियातून आलेल्या स्वस्त पडद्यांमुळे. यामाकासी, क्यूनिक्स अशा नावांचे हे २७ इंची मॉनिटर. मोठ्या कंपन्यांच्या कसोटीला किंचित कमी उतरलेले पॅनेल घ्यायचे आणि बाकी सगळ्यात काटकसर करायची, असा त्यांचा धंदा. मॉनिटरमध्ये केबल आणि पॅनेल यांच्यामध्ये एक मंडळ असते, स्केलर. आलेले चित्र तपासणे, मोठे-लहान करणे आणि न पटणारे आकडे नाकारणे हे त्याचे काम. कोरियन उत्पादकांनी पैसे वाचवायला काही मॉनिटरांतून ते मंडळच गाळले. दारावरचा पहारेकरी गेला आणि मग लोकांनी पाहिले, की त्यांतले कित्येक पॅनेल ९६, ११०, काही तर १२० आवर्तने निमूटपणे करतात. २५६० गुणिले १४४० ठिपक्यांच्या त्या पडद्याला १२० आवर्तने म्हणजे नुसत्या दिसणाऱ्या ठिपक्यांचाच हिशेब ४४ कोटींच्या वर जातो. जोडमार्गी डीव्हीआय केबलचा हिशेब ३३ कोटींचा. तेहतीस कोटी ही संख्या आपल्याला देवांमुळे तोंडपाठ, पण तिच्या पलीकडेही माणसे वस्ती करून राहिली. अट एकच होती, केबल जाड तांब्याची आणि आखूड हवी.

केबलविषयी बाजारात जेवढी अंधश्रद्धा आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत, आणि तिथून माल आणणाऱ्या बारामतीच्या दुकानांत, सोनेरी टोकाची केबल 'चित्र जास्त स्वच्छ' म्हणून दुप्पट भावाने विकली जाते. अंकीय केबलमधून चित्र एक तर पुरते पोहोचते, नाहीतर फाटते. मधली पायरी अगदी अरुंद असते आणि तिची खूण ठरलेली आहे: काळ्या भागावर चांदण्या लुकलुकू लागतात. चांदण्या दिसल्या, की समजावे केबल दमली. मग आवर्तने कमी करावीत, नाहीतर आखूड आणि जाड केबल घ्यावी. विकत घेताना सोन्यापेक्षा वेष्टनावरचे शब्द वाचावेत. 'हाय स्पीड' लिहिलेली एचडीएमआय केबल ३४ कोटींच्या वेगापर्यंत तपासलेली असते, आणि १९२० च्या पडद्याला १२० आवर्तनांसाठी २९ कोटी ७० लाख लागतात. म्हणजे ती पुरते. 'अल्ट्रा हाय स्पीड' घेण्याची गरज आपल्या हजार-दीड हजारांच्या उद्योगात पडत नाही. २००६ मध्ये आलेल्या डिस्प्लेपोर्टची धाव पहिल्यापासून लांब आहे, मात्र त्याच्या स्वस्त केबलींत एक खोड आढळते. विसाव्या क्रमांकाची तार मानकाप्रमाणे जोडायची नसते. ती जोडलेली असेल, तर मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि संगणक चालू होताना अडतो.

केबल भरपूर असली तरी शेवटचा शब्द पॅनेलचा. ६० आवर्तनांत प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, ७५ मध्ये १३.३. ठिपक्याला रंग बदलायलाच त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर आधीचे चित्र पुरते पुसण्याआधी पुढचे येऊन बसते. टीएन जातीचे पॅनेल चपळ, पण बाजूने पाहिले की रंग उडतात. व्हीए जातीचा काळा रंग गडद, मात्र काळ्यातून करड्यात यायला तो इतका रेंगाळतो, की रात्रीच्या दृश्यात धुराचा फराटा ओढल्यासारखा दिसतो. अशा पॅनेलवर आवर्तने वाढवणे माझ्या मते वाया. आयपीएस यांच्या मधले आणि बहुधा सगळ्यांत भरवशाचे. पण एकाच कारखान्यातले, एकाच नावाचे दोन पॅनेल सारखे निघतील असे नाही. एक ७६ ला थांबते, दुसरे ८२ पर्यंत जाते.

सर्वांत मोठी फसगत वेगळीच आहे. काही मॉनिटरांचा स्केलर ७५ आवर्तने नाकारत नाही, आनंदाने स्वीकारतो, पडद्यावर '७५' असे लिहूनही दाखवतो, आणि पॅनेलला मात्र ६० च चित्रे देतो. उरलेली पंधरा तो वाटेत टाकून देतो. कालव्याच्या मुखाशी नोंदवलेला विसर्ग आणि टेलच्या चारीत पडलेले पाणी यांचा मेळ बसत नाही, हे इंदापूरकराला नवे नाही. पाणी खरेच पोहोचले का, हे मोरीवर जाऊन पाहावे लागते. इथेही तसेच. पडद्यावर चौकटींची जाळी काढून दर आवर्तनाला एकेक चौकट पांढरी करत जाणारे साधे प्रोग्राम मिळतात. मोबाइलचा कॅमेरा एक दशांश सेकंद उघडा ठेवून त्याचा फोटो घ्यायचा. सलग पांढऱ्या चौकटी आल्या तर आवर्तने खरी. मध्ये काळी भोके दिसली तर ७५ कागदोपत्री. मी तपासलेल्या जुन्या मॉनिटरांत कागदोपत्री वाढलेले बरेच निघाले. मुलांचा चेहरा पाहवत नाही, कारण तोवर त्यांना चित्र गुळगुळीत दिसू लागलेलेही असते.

यातले धोकेही आहेत, पण थोडे. न झेपणारा आकडा दिला तर पडदा काळा होतो आणि विंडोज पंधरा सेकंदांत आपणहून मागे फिरते. मंडळ थोडे जास्त तापते, वॉरंटी असेल तर उत्पादक हात वर करू शकतो. लोडशेडिंगच्या काळात हेलकावणाऱ्या विजेने जेवढे मॉनिटर या भागात मेले असतील, तेवढे ओव्हरक्लॉकिंगने मरणे शक्य नाही.

मला या सगळ्यात रमवणारी गोष्ट ७२ आणि ७५ या दोन आकड्यांत आहे. मुले ते खेळासाठी निवडतात. पण सिनेमा अजूनही सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि ६० ला २४ ने पुरता भाग जात नाही. त्यामुळे साध्या पडद्यावर एक चित्र तीन आवर्तने टिकते, पुढचे दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा हे लंगडणे स्पष्ट दिसते. ७२ वर प्रत्येक चित्राला बरोबर तीन आवर्तने मिळतात, मूकपटांच्या तीन पात्यांच्या झडपेसारखी. आणि भारतीय दूरचित्रवाणीची चित्रे सेकंदाला २५, आपल्या ५० च्या विजेची निम्मी. दूरदर्शनच्या जुन्या मराठी मालिका आज संगणकावर पाहिल्या, तर ६० च्या पडद्यावर त्या अडखळत चालतात. ७५ वर प्रत्येक चित्र तीन आवर्तने घेते आणि चाल सरळ होते. अमेरिकन विजेचा आकडा ओलांडला, तेव्हा आपल्या विजेच्या आकड्याला जागा झाली.

आता बाजारात स्वस्त मॉनिटरही १०० आवर्तनांचे येऊ लागले आहेत आणि बारामतीच्या मुलांचा हा उद्योग बहुधा आणखी दोन-चार वर्षांत ओसरेल. १०० ला २५ ने भाग जातो, २४ ने जात नाही. त्यामुळे नव्या पडद्यावर दूरदर्शनची जुनी मालिका आहे तशी चालते, आणि मराठी चित्रपट नीट पाहायचा असेल तर आवर्तने चारने कमी करून ९६ वर आणावी लागतात.